मनाशी बोलताना ‘अगं’ म्हणा

फोनवर बोलता बोलता आमटी पातेल्याला लागली, आणि आतून आवाज आला, ‘मला एक काम धड जमत नाही.’ आमटीपासून निघालेलं वाक्य दोन सेकंदांत अख्ख्या आयुष्यावर जाऊन पोचलं.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांना १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना अशीच वाक्यं सापडली. ती न बोलावता येतात आणि येतात तीच खरी म्हणून येतात. म्हणून बेक यांच्या उपचारपद्धतीत ती आधी पकडायची आणि मग पुराव्याशी ताडून पाहायची असतात.

मग त्या जागी सरळ ‘मी खूप छान आहे’ असं घोकलं तर? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. प्रयोगात भाग घेणाऱ्यांनी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनात म्हणायचं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांचा स्वतःवर मुळात विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं, पण ज्यांना आधाराची खरी गरज होती त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य कानी पडलं की मन त्याच्याविरुद्धचे पुरावे काढू लागतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. खचलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह बोल ना!’ असं सांगताना म्हणूनच जपायला हवं.

मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी वाक्याऐवजी त्याचा कर्ता बदलून पाहिला. भाषणाआधी काहींनी मनात ‘मी’ वापरलं, तर काहींनी स्वतःचं नाव किंवा ‘तू’. दुसऱ्या गटाची भाषणं सरस ठरली आणि नंतरची टोचणीही कमी झाली (२०१४). पुढे २०१७ मध्ये मेंदूच्या नोंदींतही दिसलं, की स्वतःला नावानं संबोधल्यावर त्रासदायक चित्रं पाहून उठणारी भावनेची लाट साधारण सेकंदाभरातच ओसरू लागते, आणि त्यासाठी मनाला वेगळा जोर लावावा लागत नाही. मैत्रिणीला समजावताना जे शहाणपण सुचतं, ते स्वतःसाठीही सुचावं एवढं अंतर त्या ‘तू’मुळे मिळतं.

आपल्याला हे अंतर परकं नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५, आणि त्यांत ‘मना’ अशी हाक पुन्हा पुन्हा येते. रामदासांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. पण मनाला समोर बसवून, ‘सज्जना’ म्हणून समजावण्याची रीत मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या पाठ आहे.

श्रद्धेच्या शब्दांचा शरीरावरचा परिणामही मोजला गेला आहे. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांचा अभ्यास मांडला. लॅटिन रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्र जपताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक सक्षमपणे काम करू लागली. शिवाय ‘देवा, आजचा दिवस निभावून ने’ हे मागणं आहे. त्यात स्वतःबद्दल कसलाच दावा नसल्यानं मन त्याच्याशी भांडत नसावं, असं मला वाटतं.

नैराश्य आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, जप चालू ठेवून. रोजच्या आमटीसाठी मात्र माझं वाक्य आता ठरलं आहे: ‘अगं, फोनमध्ये लक्ष होतं तुझं. वरची आमटी दुसऱ्या भांड्यात काढ आणि पातेलं भिजत घाल.’