आडनावं एलिस आयलंडवर बदलली नाहीत

'आमचं मूळ आडनाव भलतंच लांबलचक होतं. एलिस आयलंडवरच्या साहेबाला ते उच्चारता येईना, म्हणून त्याने दुसरंच ठोकून दिलं.' अमेरिकेतल्या कित्येक घरांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सिनेमावाल्यांनीही तिला खतपाणी घातलं. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

न्यूयॉर्कजवळच्या या बेटावर अमेरिकेत राहायला येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी होई. १८९२ ते १९५४ या काळात तिथे एक कोटी वीस लाखांहून अधिक लोक उतरले. त्यांची नावं तिथे लिहून घेतली जात नसत. प्रवाशांची यादी युरोपातल्या बंदरातच जहाज कंपनीचे कारकून भरत. बेटावरचा अधिकारी तीच समोर ठेवून एकेकाची उलटतपासणी करी आणि खुणा करी. भाषेची अडचण म्हणाल, तर पदरी दुभाषे होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो लागार्डिया १९०७ ते १९१० तिथे दुभाषाचंच काम करत होते.

नावं बहुतेकांनी नंतर स्वतःच बदलली. नोकरी मिळावी, पोरांना शाळेत कुणी चिडवू नये, दुकानाच्या पाटीवर सोपं दिसावं म्हणून. १९०६च्या कायद्याने तर नागरिकत्व घेताना कोर्टातच नाव बदलायची सोय केली.

खरी मेख त्या यादीतल्या दुसऱ्याच रकान्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यात 'वंश किंवा लोक' लिहावं लागे, तेही सरकारने ठरवून दिलेल्या नावांतून. उत्तर इटालियन वेगळा, दक्षिण इटालियन वेगळा. रशियातून आलेला ज्यू मात्र रशियन नव्हे, 'हिब्रू'.