शिक्का जुना, चाकू नवा: अमेरिकी घडीच्या चाकूंवर परतलेली नावे

२००६ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल या लहानशा गावात 'ग्रेट ईस्टर्न कटलरी' हा कारखाना सुरू झाला. बिल हॉवर्ड आणि केन डॅनियल्स हे त्याचे संस्थापक. तिथून बाहेर पडणाऱ्या घडीच्या चाकूंवर लवकरच दोन जुनी नावे दिसू लागली: 'नॉर्थफील्ड' आणि 'टिडिऊट'. मूळची नॉर्थफील्ड नाइफ कंपनी १८५८ची, कनेक्टिकटमधली; तिच्यात आणि टायटसव्हिलमध्ये अख्खे न्यू यॉर्क राज्य आडवे पसरलेले. टिडिऊट कटलरी १८९७ची, अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या त्याच नावाच्या गावातली, म्हणजे त्यातल्या त्यात शेजारची. नव्या कारखान्याला या दोघांकडून यंत्रे मिळाली नव्हती की कारागीर. मिळाले ते फक्त नाव.

टिडिऊटच्या बाबतीत तर वारस वेगळा आणि नाव चालवणारा वेगळा. मूळ कंपनी बंद पडली नव्हती, तिने कात टाकली होती. ती आधी 'युनियन रेझर' झाली, मग 'युनियन कटलरी'. १९१०च्या दशकाच्या सुरुवातीला ती न्यू यॉर्कमधल्या ओलियन गावी गेली. तिचे 'का-बार' हे चिन्ह इतके गाजले की १९५२मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. का-बार आजही ओलियनमध्येच आहे. धंद्याची वंशावळ तिकडे गेली आणि टिडिऊटचा शिक्का टायटसव्हिलला आला. जुन्या नावाचा नवा चाकू हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: यात नेमके काय वारशाने आले आहे? नाव, साचे, कारागीर, की इमारत? ही चारही एकत्र आल्याची उदाहरणे फार थोडी.

ही नावे मोकळी कशी पडली, हे आधी पाहू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डहून आलेल्या कारागिरांच्या जोरावर कनेक्टिकट, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात चाकूंचे डझनावारी कारखाने उभे राहिले. त्यांचे काम हाताचे होते. पाते तापवून घडवायचे, त्याला पाणी द्यायचे, मग चाकावर घासायचे, आणि शेवटी जुळारी एकेक चाकू ठाकूनठोकून जुळवायचा. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या भांडवलाच्या बंदूक कंपन्या या धंद्यात उतरल्या. १९१९मध्ये विंचेस्टरने ईगल आणि नॅपनॉक हे दोन चाकू कारखाने विकत घेतले, आणि १९२०पासून रेमिंग्टन कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला चाकू काढू लागली. पुढे १९२९नंतरच्या मंदीत लहान कारखाने पटापट मिटले.

त्यानंतर नावांचा पहिला पुनर्वापर झाला, आणि तो काही गौरवाचा नव्हता. न्यू यॉर्क नाइफ कंपनी (स्थापना १८५२, पुढे वॉल्डन गावी) ही त्या काळची अव्वल. हातोडा धरलेला दंड हे तिचे चिन्ह, 'हॅमर ब्रँड' हे नाव. कंपनी १९३१मध्ये बंद पडली. १९३६मध्ये प्रॉव्हिडन्सच्या इंपीरियल नाइफ कंपनीने ते नाव घेतले आणि आपल्या स्वस्तातल्या 'शेल' चाकूंवर लावले. शेल म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर दाबून बसवलेले पातळ पत्र्याचे कवच; मुठीला ना खरे हाड, ना आरपार ठोकलेल्या पिना. त्यामुळे आज 'हॅमर ब्रँड' असा ठसा दिसला तर आधी मूठ पाहावी. मुठीच्या कडेला पत्र्याची दुमड दिसली तर तो इंपीरियलचा.

जुन्या नावाला किंमत आली ती संग्राहकांमुळे, आणि संग्राहक वाढले ते एका बंदूक कायद्यामुळे. १९६८च्या 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट'ने बंदुकांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले, आणि शस्त्रमेळ्यांत टेबल मांडणारे बरेच जण जुन्या चाकूंकडे वळले. नेमक्या त्याच सुमारास ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने शिक्के बदलले. १९६५मध्ये 'केस डबल एक्स'पुढे 'यूएसए' आले, १९७०मध्ये ठशाखाली दहा ठिपके आले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी होत गेला. शिक्क्यावरून वर्ष सांगता येते हे लोकांना कळले आणि चाकूबरोबरच शिक्काही जमवायची गोष्ट झाली. तोवर फारसे कोणी विचारत नसलेली बंद कंपन्यांची नावे एकदम महागली.

कंपन्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. रेमिंग्टनने १९४०मध्ये चाकूंचा धंदा पाल ब्लेड कंपनीला विकून टाकला होता. १९८२मध्ये तिने आपला १९२०च्या दशकातला गाजलेला 'बुलेट' चाकू, आर-११२३, पुन्हा बाजारात आणला. मुठीवर काडतुसाच्या आकाराची पट्टी बसवलेली म्हणून त्याला बुलेट म्हणतात. नवा चाकू बनवला मात्र कॅमिलस कंपनीने. यावर नाव, नमुना आणि क्रमांक असे तिन्ही जुने; कारखाना तेवढा परका. जुन्या रेमिंग्टन क्रमांकांत शेवटचा आकडा मुठीचे साहित्य सांगतो आणि ३ म्हणजे हाड. पण १९८२च्या चाकूची मूठ हाडाची नसून डेलरिन या प्लॅस्टिकची आहे. जुना क्रमांक जसाच्या तसा उचलल्यामुळे ठसा एक सांगतो आणि मूठ दुसरेच. १९८७मध्ये विंचेस्टरचे नाव असेच परवान्यावर ओहायोतल्या ब्लू ग्रास कटलरीकडे गेले.

अशा कामाला धंद्यात 'कंत्राटी' म्हणतात आणि त्यात लपवाछपवी नाही. शंभर वर्षांपूर्वीही हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्यांची नावे दुसऱ्याच्या कारखान्यात ठोकली जात. फरक एवढाच की तेव्हा नाव विकणाऱ्याचे असे, आता ते मेलेल्या कारखानदाराचे असते.

वारसा सगळ्यांत दाट आहे तो 'शॅट अँड मॉर्गन'मध्ये. ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू यॉर्क राज्यातून टायटसव्हिलला आली. १९२२च्या सुमारास तिच्याच काही फोरमननी बाजूला 'क्वीन सिटी कटलरी' काढली. जुन्या मालकाच्या सुट्या भागांतून चाकू जुळवून विकल्याचा किस्सा त्यांच्याबद्दल आजही सांगतात. टायटसव्हिलला तेलाच्या भरभराटीपासून 'क्वीन सिटी' म्हणत, त्यावरून हे नाव. पुढे शॅट अँड मॉर्गन बुडाली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला या फोरमननी तिची मालमत्ता विकत घेऊन तिच्याच इमारतीत बस्तान हलवले. नोकरांनी मालकाचे घर घेतले म्हणा ना. जुने नाव मात्र बासनात गेले. क्वीनने स्टेनलेस पोलाद लवकर आणले. पण 'स्टेनलेस म्हणजे धार न धरणारे' हा गिऱ्हाइकांचा समज इतका पक्का होता की पात्यावर 'स्टेनलेस' न लिहिता 'क्वीन स्टील' असे ठोकत.

१९६९मध्ये क्वीन सर्व्होट्रॉनिक्स या कंपनीकडे गेली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने 'शॅट अँड मॉर्गन' हे नाव संग्राहकांसाठीच्या वरच्या दर्जाच्या चाकूंवर पुन्हा आणले. इमारत तीच, गाव तेच, कारागिरीची परंपरा सलग. एवढे असूनही १९२० आणि १९९५चा शॅट अँड मॉर्गन हे दोन वेगळे चाकू आहेत: साचे वेगळे, पोलाद वेगळे, गिऱ्हाईकही वेगळे. पहिला शेतकऱ्याच्या खिशात झिजला, दुसरा बहुधा डबीतच राहिला. २०१२मध्ये क्वीन डॅनियल्स कुटुंबाने घेतली, म्हणजे ग्रेट ईस्टर्नच्याच एका संस्थापकाने. २०१८च्या सुरुवातीला तिचे दार बंद झाले. आज 'क्वीन' किंवा 'शॅट अँड मॉर्गन' असा ठसा पाहिला तर हे २०१८ साल मधोमध धरावे. त्यानंतरच्या मालाचा टायटसव्हिलच्या त्या कारखान्याशी संबंध नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेत चिन्हावरचा हक्क वापरातून येतो. १९४६च्या लॅनहॅम कायद्यानुसार सलग ठरावीक काळ वापर थांबला तर ते चिन्ह सोडून दिले असे प्रथमदर्शनी मानतात. ही मुदत आधी दोन वर्षे होती, १९९६पासून तीन. पुन्हा वापरायचा खरा इरादा दाखवता आला नाही तर दुसरा कोणीही ते नाव नोंदवू शकतो. १९२०-३०च्या दशकांत मिटलेल्या कारखान्यांची नावे अशीच वाऱ्यावर पडली होती. दिवाळखोरीत निघालेल्या अलीकडच्या कंपन्यांचे तसे नाही. त्यांची नावे लिलावात पैसे मोजून जातात. जुलै २००४मध्ये इंपीरियल श्रेड बंद पडली आणि 'श्रेड', 'ओल्ड टायमर', 'अंकल हेन्री' ही नावे टेनेसीच्या टेलर कंपनीने घेतली; टेलर स्वतः २०१६मध्ये स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीकडे गेली. २००७मध्ये कॅमिलस बुडाली आणि तिचे नाव अ‍ॅक्मे युनायटेडने घेतले. या दोन्ही नावांखाली पुढे चीनमध्ये बनलेला माल आला.

गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो, कारण क्रमांकसुद्धा तेच ठेवले आहेत. 'ओल्ड टायमर ३४-ओटी' हा तीन पात्यांचा चाकू घ्या. २००४पर्यंतच्या मालात टँगवर, म्हणजे पात्याच्या मुळाशी असलेल्या बिनधारेच्या चौकोनी भागावर, श्रेडबरोबर 'यूएसए' असते. पाते १०९५ कार्बन पोलादाचे, वापराने राखाडी पडणारे. नंतरच्या चिनी मालात 'यूएसए' नाही आणि पाते स्टेनलेसचे आहे. आयात चाकूवर देशाचे नाव ठोकून, कोरून किंवा आम्लाने उमटवून कायमचे लिहावे लागते, नुसती चिठ्ठी चालत नाही. म्हणून पात्याच्या मागच्या बाजूचा टँग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तिथे अलीकडेच घासल्याची चमक दिसली तर चाकू खाली ठेवावा.

ग्रेट ईस्टर्नचे चाकू या बाबतीत सरळ. त्यांच्या सहा आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे नमुन्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. मधले बोल्स्टरची रचना आणि पात्यांची संख्या सांगतात. बोल्स्टर म्हणजे मुठीच्या टोकाची धातूची टोपी. नॉर्थफील्डवर सफाई जास्त, टिडिऊट साधा, आणि ग्रेट ईस्टर्न हे नाव मुख्यतः ४४०-सी स्टेनलेससाठी. आपल्याच तीन दर्जांना तीन जुनी-नवी नावे वाटून देण्याची ही युक्ती हुशारीची आहे. मूळ नॉर्थफील्ड टिडिऊटपेक्षा वरचढ होती असा मात्र यातून अर्थ काढू नये.

खऱ्या जुन्या चाकूचा दावा तपासताना ठशाआधी साहित्य पाहावे. डेलरिन १९६०च्या सुमारास बाजारात आले. तशी मूठ असेल तर १९२५चा दावा खोटा, किंवा मूठ तरी बदललेली. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची मूठ जुनी असू शकते, पण ती कुजताना वाफ सोडते आणि शेजारचे पाते गंजवते, म्हणून ती इतर चाकूंबरोबर बंद डबीत ठेवू नये. ठसा मऊ पोलादावर, पाणी देण्याआधी मारतात आणि पाते नंतर घासले जाते. त्यामुळे अक्षरांभोवतीचा भाग सपाट असतो. कडक पात्यावर मागाहून मारलेला ठसा उथळ राहतो आणि अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. पाते झिजून अर्धे झाले आहे आणि ठसा मात्र कोरा करकरीत, असे दिसले तर ठसा उशिरा आला आहे.

१९८२चा आर-११२३ आता स्वतःच चाळीस वर्षांपुढचा आहे आणि मूळ खोक्यासह, धार न लावलेला असा शोधला जातो. त्यामुळे चाकूबरोबर खोकेही तपासावे लागते: खोक्यावरचा क्रमांक टँगवरच्या क्रमांकाशी जुळतो का, आणि खोके त्याच वर्षाच्या बुलेटचे आहे का. दरवर्षी नवा नमुना येत असल्याने रिकामी खोकी वेगळी विकली जातात.