शाळेच्या वर्गात सर्व धर्म : एका रेंगाळलेल्या शिफारशीची पार्श्वभूमी

आठवी-नववीच्या मुलांना जगातल्या प्रमुख धर्मांची ओळख करून द्यावी, असं कोणी सुचवलं की शिक्षकांच्या खोलीत पहिली शंका निघते ती संविधानाची. सरकारी शाळेत हे चालेल का? चालेल. अडचण संविधानात नाही, आणि कधी नव्हतीही. मग हा विषय इतकी वर्षं का अडून राहिला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या दस्तऐवजाने, सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मापासून अलग ठेवलं. मिशनऱ्यांविषयी लोकांच्या मनात धर्मांतराचा संशय होता आणि सरकारला तो ओढवून घ्यायचा नव्हता. पुढे १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने महाविद्यालयांसाठी एक नीतिपाठाचं पुस्तक सुचवलं. सर्वांना मान्य होतील अशा मूलभूत धर्मतत्त्वांवर आधारलेलं. आयोगाचे एक सदस्य न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्याला विरोध नोंदवला आणि सरकारनेही ती सूचना स्वीकारली नाही. सगळ्या धर्मांचा अर्क काढून एकच गुळगुळीत पुस्तक करण्याची ही कल्पना पुढेही वेगवेगळ्या रूपांत डोकावत राहिली.

धर्मांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणारी दृष्टी मराठी माणसाला तेव्हाही परकी नव्हती. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करत होते. त्यांच्या या प्रवासाला सयाजीराव गायकवाडांनी मदत केली होती. शिंद्यांनी परत येऊन १९०६ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध संस्था उभारली. धर्मांचा अभ्यास त्यांना समाजापासून दूर घेऊन गेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

संविधान सभेत हा मुद्दा ७ डिसेंबर १९४८ रोजी निघाला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येणार नाही, असं आजचं २८ वं कलम सांगतं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याच्यावर त्याची सक्ती करता येत नाही. मग कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात वेद, गीता शिकवायची नाही का, असं लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं. डॉ. आंबेडकरांचं उत्तर नेमकं होतं : अमुक गोष्टीवर श्रद्धा ठेवा असं शिकवणं वेगळं, आणि अभ्यास किंवा संशोधन वेगळं. बंदी पहिल्यावर आहे. माझ्या मते या सबंध चर्चेचा पाया या एका उत्तरात आहे.

त्यानंतर शिफारशींची रांगच लागली. विद्यापीठ शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने महाविद्यालयांसाठी बुद्ध, येशू, महंमद, कबीर, नानक यांची चरित्रं सुचवली. माध्यमिक शाळांचा विचार केला तो १९५९ साली नेमलेल्या श्रीप्रकाश समितीने. तिचे अध्यक्ष श्रीप्रकाश हे त्या वेळी आपल्याच मुंबई राज्याचे राज्यपाल होते. जगातल्या प्रमुख धर्मांची मूळ शिकवण समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातच शिकवावी, असं या समितीने म्हटलं. जागा अगदी योग्य होती, कारण तिथे धर्म हा माणसांच्या इतिहासाचा आणि रोजच्या जगण्याचा भाग म्हणून समोर येतो. याच समितीने आठवड्याला नीतिशिक्षणाचा एक तासही सुचवला. व्यवहारात हा दुसरा मार्ग सोपा ठरला.

सबंध शिक्षणव्यवस्थेचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात आणखी स्पष्ट मांडणी केली. जयंत पांडुरंग नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. एका धर्माची दीक्षा देणं आणि सर्व धर्मांविषयी माहिती देणं यांतला फरक सांगून आयोगाने प्रमुख धर्मांची निवडक माहिती नागरिकशास्त्राच्या किंवा सामान्य शिक्षणाच्या अभ्यासक्रमात घ्यावी, आणि त्यासाठी प्रत्येक धर्माच्या जाणकारांकडून राष्ट्रीय पातळीवर समान पुस्तकं तयार करून घ्यावीत, असं सुचवलं.

शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये विषय पुन्हा वर काढला. मूल्यशिक्षणात सर्व धर्मांची ओळख असावी, हे म्हणणं ठीकच. पण सगळ्या धर्मांचा गाभा एकच, फरक फक्त आचारांचा, हे मुलांना समजलं पाहिजे असंही समितीने म्हटलं. इथे मी सहमत नाही. बौद्ध धम्मात जगाचा निर्माता ईश्वर नाही, इस्लाममध्ये एकेश्वरवाद हाच कणा आहे. हा फरक आचारांचा नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलाला तो कळतो, आणि तो लपवला तर दुसऱ्याला समजून घेण्याचं कामच उरत नाही.

या अहवालाचा आधार घेतलेल्या २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात न्यायालयाने याचिका फेटाळली : धर्मांचा अभ्यास २८ व्या कलमाच्या आड येत नाही. मात्र अभ्यास आणि धर्मशिक्षण यांतली रेषा फार बारीक आहे, तेव्हा काळजी घ्या, असा इशाराही न्यायमूर्ती धर्माधिकारी यांनी दिला.

ती काळजी वर्गात घ्यायची असते शिक्षकाला. एखाद्या मुलीने रोज्याबद्दल विचारलं किंवा अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश का नाही असं विचारलं, तर उपदेश किंवा हेटाळणी न करता उत्तर देता येण्यासाठी त्याची तशी तयारी करून घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या मूल्यशिक्षणात सर्वधर्मसहिष्णुता हे मूल्य आहे, परिपाठात त्याचा उच्चारही होतो. कोठारी आयोगाला अपेक्षित असलेली माहिती मात्र मुलांना आजही इतिहासाच्या धड्यांतून तुकड्यातुकड्यांनीच मिळते.