बोंबील

बोंबील (शास्त्रीय नाव : हार्पाडॉन नेहेरियस) हा किनाऱ्यालगतच्या गढूळ समुद्रातला मासा. नागपूरकरांना तो बहुतेक सुकाच माहीत असतो. बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी जुडीने ठेवलेला, तपकिरी आणि काडीसारखा कडक. किडकिडीत माणसाला ‘वाळला बोंबील’ म्हणतात ते यावरूनच. जिवंत बोंबील मात्र अगदी वेगळा दिसतो.

ताज्या बोंबलाचे अंग पांढुरके, काहीसे पारदर्शक आणि इतके लिबलिबीत असते की हातात धरताच वाकते. त्याच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणीच असते. साधारण लांबी २५ सें.मी.; मोठा मासा ४० सें.मी.पर्यंत जातो. डोळे बारीक, तोंड मात्र डोळ्यांच्या बरेच मागेपर्यंत फाटलेले. जबड्यांत सुईसारखे, आत वळलेले दात असतात आणि खालचा जबडा पुढे आलेला असतो. खवले शरीराच्या मागच्या भागावरच. शेपटीला दोनाऐवजी तीन पाळ्या असतात; ही खूण पक्की.

एवढा मऊ मासा गरीब वाटतो, पण तो शिकारी आहे. जवळा, कोळंबी, लहान मासे आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लेही तो गिळतो.

फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये या माशाचे वर्णन केले, तेही मुंबईहून नव्हे, तर गंगेच्या मुखाकडच्या माशांवरून. भारतात त्याचा पट्टा सलग नाही. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो भरपूर सापडतो, रत्नागिरीच्या दक्षिणेला विरळ होतो आणि पुन्हा आंध्रचा उत्तर भाग, ओडिशा, बंगाल इथे दिसू लागतो. गुजरातीत त्याला बुमला, बंगालीत लोटे म्हणतात. इंग्रजांनी त्याला ‘बॉम्बे डक’ म्हटले. मुंबईच्या डाकगाडीवरून हे नाव पडले, ही कथा रंगतदार खरी. पण मुंबईची पहिली रेल्वे धावली १८५३ मध्ये आणि नाव त्याआधीचे आहे.

कोळी लोक बोंबील मुख्यतः डोल जाळ्यात धरतात. पिशवीसारखे हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेले असते. मासा पाण्याच्या ओढीने आपोआप आत येतो. ताजा बोंबील लगेच खराब होतो, म्हणून दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बिनमिठाचे वाळवतात. असे वाळवले म्हणूनच तो समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या नागपुरापर्यंत टिकून पोचू शकला.

विदर्भाचा रोजचा मासा तलावातला : रोहू, कतला, मरळ. बोंबील भाजी महागते तेव्हा, विशेषतः पावसाळ्यात, आठवतो. डोके-शेपूट मोडून तव्यावर भाजायचा (वास शेजाऱ्यांना आधी कळतो), कोमट पाण्यात भिजवायचा आणि वांग्यासोबत झणझणीत रश्शात शिजवायचा. सोबत जवारीची भाकर. भिजवला तरी ताज्याचा मऊपणा परत येत नाही. तो चिवटच राहतो, आणि खाणाऱ्यांना तो तसाच हवा असतो.