व्यायला टेकलेल्या गाईसाठी जिवाणूंनी घडवलेलं प्रथिन

गाय विण्याच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस फार नाजूक असतात. संप्रेरकं झपाट्यानं बदलतात, खाणं कमी होतं, कासेत दूध उतरू लागतं; आणि नेमक्या याच काळात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा जोर ओसरतो. कासेत शिरलेल्या जिवाणूंवर सगळ्यात आधी तुटून पडतात त्या याच पेशी. त्या मंदावल्या की कासदाहाला वाट मिळते.

न्यूट्रोफिल तयार होतात अस्थिमज्जेत, आणि त्यांची संख्या वाढवायला सांगतं जी-सीएसएफ नावाचं प्रथिन. गाईच्या या प्रथिनाचा जनुक ई. कोलाय जिवाणूत घातला की जिवाणू ते भरभरून बनवतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. घाईत बनलेल्या प्रथिनाची घडी बसत नाही आणि पेशीत त्याचे निरुपयोगी गोळे साचतात. पेशी फोडून हे गोळे वेगळे काढायचे, युरियाच्या तीव्र द्रावणात विरघळवायचे आणि मग युरिया कमी करत नेत प्रथिनाला पुन्हा घडी घेऊ द्यायची. त्यातले, घडी पक्की धरून ठेवणारे दोन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधले दुवे) चुकीच्या जागी जुळले, तर हाती येतं ते नुसतंच प्रथिन, औषध नव्हे.

त्याहून चिवट अडचण एंडोटॉक्सिनची. ई. कोलायच्या बाह्य आवरणातला हा घटक स्वतःच प्रतिकारयंत्रणा भडकवतो, आणि गाईला तो थोडाही बाधतो. तो नमुन्यात उरला तर पेशी नेमक्या कशामुळे जाग्या झाल्या, हेच कळेनासं होतं. यावर एक साधी चाचणी आहे: नमुना उकळायचा. प्रथिन निकामी होतं, एंडोटॉक्सिन मात्र टिकतं. उकळल्यावरही पेशी तशाच चेतवल्या गेल्या, तर श्रेय प्रथिनाचं नाही. असं संशोधन वाचताना मी आधी ही चाचणी केली आहे का, ते पाहते. ती नसेल तर बाकीच्या आलेखांवर माझा विश्वास बसत नाही.

शुद्ध जी-सीएसएफही रक्तातून लवकर निघून जातं, म्हणून त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी जोडतात. अशा साखळी जोडलेल्या औषधाला, म्हणजे पेगबोविग्रॅस्टिमला, युरोपात २०१५ साली आणि अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. ते जिवाणूंना थेट मारत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकसारखी प्रतिरोधाची भीती इथे नाही. पण अस्वच्छ गोठ्याची भरपाई ते करू शकत नाही. शिवाय पहिलं इंजेक्शन विण्याच्या साधारण सात दिवस आधी आणि दुसरं व्यायल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचं असतं. म्हणजे गाय कधी विणार याचा अंदाज यावा म्हणून रेतनाची तारीख वहीत नीट नोंदलेली हवी.