साहित्यातील बागा आणि काचघरे

महाकाव्य, नाटक, कथा व कादंबरी यांत ज्या बागा आणि काचघरे नुसती शोभेला न राहता कथानकाला वळण देतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. फुलांची वर्णने सगळ्याच भाषांत उदंड आहेत आणि त्यांतली बरीचशी वाचक सरळ ओलांडून जातो. लक्षात राहते ती बाग वेगळी असते. तिची किल्ली कुणाकडे, पाणी घालतो कोण आणि आत यायला मज्जाव कुणाला, यावर तिथे गोष्ट उभी असते.

वाल्मीकी रामायणातील अशोकवनिका हे याचे जुने उदाहरण. सुंदरकांडात हनुमान शिंशपा वृक्षावर लपून सीतेला शोधतो आणि भेट झाल्यावर रावणाची बाग मोडून टाकतो. सीता जिथे आहे तेवढी जागा मात्र तो राखतो. पहाऱ्यावरच्या राक्षसिणींच्या नजरेतून हे सुटत नाही. बाग उद्ध्वस्त झाल्याची वर्दी देताना त्या रावणाला नेमके हेच सांगतात.

कालिदासाच्या शाकुंतलात बाग राजाची नाही, आश्रमाची आहे. शकुंतला तिथे झाडांना पाणी घालताना प्रथम दिसते, आणि सासरी निघताना कण्व वृक्षांना आठवण करून देतात की तुम्हांला पाणी मिळाल्याशिवाय ही स्वतः पाणी पीत नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’मुळे (१८८०) हा प्रसंग मराठी रंगभूमीच्याही ओळखीचा झाला. पण बागेतून नाट्य काढण्याची कालिदासाची खरी हुशारी ‘मालविकाग्निमित्रा’त दिसते. तरुणीने पायाने ताडन केल्याशिवाय अशोक फुलत नाही, हा ‘दोहद’ नावाचा कविसंकेत. राजा अग्निमित्राच्या प्रमदवनातला, म्हणजे अंतःपुराच्या बागेतला, एक अशोक फुलायचे नाव घेत नाही. तो फुलवण्याचा मान पट्टराणी धारिणीचा. परंतु विदूषकाच्या धसमुसळेपणाने ती झोपाळ्यावरून पडते आणि तिचा पाय दुखावतो. मग ती स्वतःचे नूपुर देऊन, राजा जिच्यावर भाळला आहे त्या आपल्या दासीला, मालविकेला पाठवते आणि पाच रात्रींत झाड फुलले तर तुझी इच्छा पुरी करीन असे कबूल करून बसते. तिची सखी बकुलावलिका मालविकेच्या पावलाला अळता लावते, राजा आडून पाहतो, धाकटी राणी इरावती मद्याच्या धुंदीत तिथेच येऊन थडकते. पुढे अशोक फुलतो आणि राणीला आपलाच शब्द पाळावा लागतो. एका झाडाच्या बहरावर अख्ख्या नाटकाचा निकाल टांगला आहे. (हा अशोक म्हणजे खोडाफांद्यांवर शेंदरी झुपके धरणारा सीताअशोक. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळ वाढणारा लोंबत्या पानांचा ‘अशोक’ निराळा. त्याला कुणी कितीही लाथा मारल्या तरी तसली फुले यायची नाहीत.)

युरोपीय साहित्यात भर भिंतीवर आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘द सीक्रेट गार्डन’मध्ये (१९११) पत्नीच्या मृत्यूनंतर घरमालक बागेला कुलूप लावून किल्ली पुरून टाकतो. ती दहा वर्षांनी मेरी लेनॉक्स या मुलीला सापडते. मेरी भारतात वाढलेली आहे, तिचे आईवडील इथेच कॉलऱ्याने गेलेले. तण उपटता उपटता हट्टी पोर माणसात येते; हे पटते, कारण लेखिकेने चमत्कारापेक्षा खुरप्यावर जास्त विश्वास ठेवला आहे. जॉर्जो बासानी यांच्या १९६२ च्या कादंबरीत फेरारा शहरातील फिन्झी-कोन्तिनी या श्रीमंत ज्यू घराण्याची बाग आहे. इटलीतील १९३८ च्या ज्यूविरोधी वंशविषयक कायद्यांनंतर क्लबातून काढलेली ज्यू तरुण मंडळी तिथे टेनिस खेळायला जमतात. कुटुंबाचा पुढे नाझींच्या हाती अंत होणार हे वाचकाला आरंभीच कळलेले असल्यामुळे त्या भिंतीचा आधार किती पोकळ आहे हे प्रत्येक डावात जाणवते.

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या ‘रापाचिनीज डॉटर’ या कथेत (१८४४) पादुआतील एक वैद्य विषारी झाडांची बाग वाढवतो आणि आपल्या मुलीलाही त्याच विषावर पोसतो. अलेक्झांडरला भेट म्हणून पाठवलेल्या भारतीय विषकन्येची दंतकथा तिथे एका पात्राच्या तोंडी आली आहे. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकातील विषकन्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही बाग परकी वाटणार नाही.

काचघर हे एकोणिसाव्या शतकाचे अपत्य. ओतीव लोखंड, कोळशावर तापणारे पाण्याचे नळ आणि स्वस्त काच (ब्रिटनने काचेवरील कर १८४५ मध्ये उठवला) यांमुळे बर्फाळ देशात उष्ण कटिबंध विकत घेता येऊ लागला. बागेत ऋतू येतो-जातो. काचघरात तो पैशाने टिकवावा लागतो. लेखकांनी नेमके हेच हेरले. एमिल झोला यांच्या ‘ला क्युरे’मध्ये सट्टेबाज साकारच्या पॅरिसमधील वाड्यातले काचघर दिवाणखान्याला लागून आहे, त्या दमट उबेत त्याची पत्नी रेने मादागास्करच्या एका विषारी झुडपाचे कडू पान चावते, आणि पुढे सावत्र मुलाशी तिचे संबंध तिथेच रंगतात. एच. जी. वेल्स यांच्या १८९४ च्या कथेत अंदमानातून आलेले एक ऑर्किड आपल्या मालकाचेच रक्त शोषते. त्याची घर सांभाळणारी नात्यातली बहीण कुंडीने काच फोडते आणि त्याला ओढून बाहेर काढते. रेमंड चँडलर यांच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) म्हातारा जनरल स्टर्नवुड ऑर्किडांच्या गदमदत्या घरात घोंगडी पांघरून बसतो. मद्य त्याला वर्ज्य. म्हणून तो भेटीला आलेल्या खाजगी हेराला पाजतो आणि नुसता बघतो. ऑर्किडे त्याला आवडतही नाहीत, ती उबेसाठी केलेली सबब आहे. रेक्स स्टाउट यांचा हेर नीरो वुल्फ मात्र खरा शौकीन. सकाळी ९ ते ११ आणि दुपारी ४ ते ६ तो न्यूयॉर्कमधील घराच्या छतावर ऑर्किडांत असतो. खून झाला तरी वेळ बदलत नाही.

भारतीय कथेत काचघर फारसे रुजले नाही. बंगळूरच्या लालबागेत १८८९ मध्ये काचेच्या वास्तूची पायाभरणी झाली, पण ती प्रदर्शनांसाठी; इथे ऊब विकत कोण घेणार? आपल्याकडचा मत्सर उघड्या बागेतच पिकतो. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘मालंच’ (१९३४) या छोट्या कादंबरीत नीरजा आणि आदित्य यांनी मिळून फुलबाग उभी केली आहे. आजारपणाने नीरजा अंथरुणाला खिळते आणि तिच्या जागी सरला नावाची तरुणी बागेत राबू लागते. नवऱ्यापेक्षाही बागेचा ताबा सुटतो आहे, हे नीरजेला जास्त सलते की काय, अशी शंका वाचताना येत राहते. सगळे उदार मनाने सोपवून जायचे ती ठरवते, पण अखेरच्या घटकेला तिला ते साधत नाही. सरलेला इथे जागा मिळणार नाही असे ओरडतच ती प्राण सोडते.