हक्क मागायचे कुणाकडे? पॅलेस्टिनी स्त्री-चळवळीची पार्श्वभूमी

वेस्ट बँकमधील हेब्रॉन शहरात राहणाऱ्या मुस्लिम स्त्रीचा विवाह, घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे विषय आजही मुख्यतः जॉर्डनच्या १९७६ च्या कायद्यानुसार ठरतात. गाझातील स्त्रीला इजिप्तच्या अमलात १९५४ मध्ये लागू झालेला कुटुंब हक्क कायदा पाहावा लागतो, तर इस्रायलची नागरिक असलेल्या हैफातील मुस्लिम स्त्रीचे प्रकरण शरिया न्यायालयात गेले की १९१७ चा ऑटोमन कायदा समोर येतो. ख्रिस्ती कुटुंबांसाठी त्या त्या चर्चची न्यायालये वेगळी आहेत. फौजदारी कायद्याची स्थितीही फारशी निराळी नाही: वेस्ट बँकमध्ये जॉर्डनची १९६० ची दंडसंहिता चालते, गाझात ब्रिटिशांची १९३६ ची. सत्ताधीश येऊन गेले, त्यांचे कायदे मात्र मागे राहिले. त्यामुळे येथील स्त्री-चळवळीला पुरुषप्रधान समाजाशी झगडताना नेहमीच आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागले, तो म्हणजे मागणी करायची ती नेमकी कोणत्या सरकारकडे.

या चळवळीचा पहिला मोठा जाहीर टप्पा २६ ऑक्टोबर १९२९ चा. तेव्हा पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांची सत्ता होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील अरब-ज्यू रक्तपातानंतर त्यांनी केलेल्या धरपकडीच्या पार्श्वभूमीवर दोनशेहून अधिक अरब स्त्रिया जेरुसलेममध्ये परिषदेसाठी जमल्या. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय वसतिस्थानाला पाठिंबा देणारी ब्रिटिशांची १९१७ ची बाल्फोर घोषणा रद्द करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यांचे शिष्टमंडळ उच्चायुक्त सर जॉन चॅन्सेलर यांना भेटले, तेव्हा समोर आलेली कॉफी त्यांनी घेतली नाही. मागणी मान्य होईपर्यंत यजमानाची कॉफी घ्यायची नाही, हा अरब रिवाज त्यांनी थेट ब्रिटिश सत्तेपुढे वापरला. पायी मोर्चा काढण्यास मनाई होती, म्हणून मोटारींचा ताफा शहरभर फिरवून निषेध नोंदवला गेला. या स्त्रिया बहुतांशी शहरी, सुस्थित घराण्यांतील होत्या, हे विसरता येत नाही. पण त्यांच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागते. एप्रिल १९३३ मध्ये, जेरुसलेम जिंकणारे सेनापती ॲलनबी तेथे पुन्हा आले असताना, ख्रिस्ती असलेल्या मतिएल मुगन्नम यांनी मशिदीच्या आवारात भाषण केले आणि मुस्लिम असलेल्या तरब अब्दुल हादी यांनी येशूच्या समाधीच्या चर्चमध्ये.

१९४८ च्या नकबाने, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेवेळी झालेल्या पॅलेस्टिनींच्या विस्थापनाने, हे सारे विस्कटून टाकले. सात लाखांहून अधिक माणसे निर्वासित झाल्यावर परिषदा आणि निवेदने मागे पडली आणि निवारा, अन्न, शाळा यांची कामे पुढे आली. दैर यासीन गावातील हत्याकांडातून वाचलेली ५५ मुले हिंद अल-हुसैनी यांना जेरुसलेमच्या जुन्या शहरात निराधार अवस्थेत आढळली. त्यांना आसरा देण्यातून ‘दार अल-तिफ्ल’ ही संस्था उभी राहिली. १९६५ मध्ये अल-बिरेह येथे समीहा खलील यांनी ‘इनआश अल-उस्रा’ सुरू केली. भरतकाम, शिवणकाम आणि साक्षरता यांतून घरातल्या बाईच्या हाती स्वतःची कमाई यावी, हा तिचा हेतू होता. अशा कामाला ‘धर्मादाय’ म्हणून बाजूला सारण्याची सवय अभ्यासकांनाही आहे. प्रत्यक्षात १९६७ मध्ये वेस्ट बँक ताब्यात घेतलेल्या इस्रायलच्या लष्करी प्रशासनाला ते पुरेसे राजकीय वाटत होते, कारण समीहा खलील यांना वारंवार अटक झाली. याच बाईंनी पुढे १९९६ मध्ये यासर अराफत यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. पराभव निश्चित होता, तरीही.

१९७८ च्या ८ मार्चला रामल्लामध्ये महिला कार्य समिती स्थापन झाली आणि चळवळीचा पोत बदलला. झहिरा कमाल यांच्यासारख्या शिकलेल्या तरुणी खेड्यांत आणि छावण्यांत जाऊ लागल्या. पाळणाघर, मजुरी आणि कामाच्या जागी होणारी पिळवणूक हे विषय प्रथमच ठामपणे मांडले गेले. पुढे ही समिती राजकीय गटांनुसार वेगवेगळ्या समित्यांत विभागली गेली. १९८७ च्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावात, शाळा बंद पडल्या, तेव्हा घराघरांत वर्ग चालवण्यात याच स्त्रिया आघाडीवर होत्या. परंतु ‘आधी स्वातंत्र्य, मग स्त्रियांचे प्रश्न’ हा युक्तिवाद त्यांना आपल्याच नेत्यांकडून ऐकावा लागला. १९८८ च्या पॅलेस्टिनी स्वातंत्र्याच्या घोषणेत स्त्री-पुरुष समतेचा स्पष्ट उल्लेख आला खरा, मात्र त्या वाक्याला कायद्याचे बळ मिळाले नाही.

इस्रायलशी झालेल्या १९९३ च्या ओस्लो करारानंतर मर्यादित स्वशासनाचे पॅलेस्टिनी प्राधिकरण आले आणि दाद मागण्यासाठी निदान आपले असे एक दार मिळाले. १९९८ मध्ये स्त्री-संघटनांनी ‘नमुना संसद’ भरवून विवाहाचे वय, पोटगी, ताबा यांवर कलमवार चर्चा घडवली आणि धार्मिक नेत्यांचा रोष ओढवून घेतला. १९९६ च्या विधान परिषदेत ८८ पैकी ५ स्त्रिया होत्या. राखीव जागांची तरतूद झाल्यावर २००६ मध्ये १३२ पैकी १७ निवडून आल्या. पण २००७ मध्ये फतह आणि हमास या दोन पॅलेस्टिनी पक्षांत फूट पडून परिषद ठप्प झाली, आणि तेव्हापासून वेस्ट बँकमध्ये कायदे अध्यक्षांच्या फर्मानाने होतात, तर गाझात वेगळा कारभार चालला. युद्धात विधवा झालेल्या स्त्रियांनी पुनर्विवाह केला नाही तर मुले त्यांच्याकडेच राहावीत, ही सुधारणा गाझात २००९ मध्ये झाली. वेस्ट बँकमध्ये ती आपोआप लागू झाली नाही.

एप्रिल २०१४ मध्ये पॅलेस्टाईनने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा ‘सीडॉ’ करार कोणतेही कलम न वगळता स्वीकारला, जे अरब राष्ट्रांत विरळाच आहे. त्यानंतर २०१८ मध्ये बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केल्यास त्याची सुटका करणारे ३०८ वे कलम वेस्ट बँकमध्ये रद्द झाले, आणि २०१९ च्या फर्मानाने विवाहाचे वय १८ ठरले, अर्थात न्यायाधीशाच्या परवानगीने अपवाद ठेवूनच. त्याच वर्षी, घरच्यांच्या मारहाणीत झाल्याचा आरोप असलेल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर, ‘तलआत’ या नावाने स्त्रिया वेस्ट बँक, गाझा आणि इस्रायलमधील शहरांत एकाच दिवशी रस्त्यावर उतरल्या. स्त्रिया मुक्त नसतील तर मायभूमीही मुक्त नाही, असा त्यांचा आग्रह होता. काही महिन्यांतच हेब्रॉनमधील कुळप्रमुखांनी सभा घेऊन सीडॉ झुगारण्याची मागणी केली. कुटुंब संरक्षण कायद्याचा मसुदा अनेक वर्षे रेंगाळला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर गाझात तर प्रसूतीसाठी सुरक्षित जागा, पाणी आणि औषधे हीच तातडीची मागणी झाली, आणि ताबा किंवा पोटगीचा दावा घेऊन जायचे ते न्यायालयही अनेकींसाठी उरले नाही.